सुतारी हत्यारे व यंत्रे यांचे गंजरक्षण

सुतारी हत्यारे व यंत्रे यांचे गंजरक्षण : लाकूड कापणे, तासणे, रंधणे, कोरणे, त्याला भोके पाडणे इ. कामांसाठी वापरण्यात येणाऱ्या हत्यारांचे व यंत्रांचे कार्यकारी भाग मुख्यत्वे पोलादाचे वा बिडाचे (ओतीव लोखंडाचे) असतात. या भागांवर गंज चढू न देणे, चढला असल्यास मूळ पृष्ठभागाला इजा न करता तो काढणे व हत्यार पुन्हा वापरण्याजोगे करणे या सर्व उपायांचा यात समावेश होतो.

पूल, जहाजे, पाण्याचे नळ यांच्या बाबतीत गंजाने धातूची जाडी किती घटली, हा मुख्य प्रश्न असतो. सुताराच्या हत्याराचे तसे नाही. पटाशीची किंवा रंध्याच्या पात्याची धार म्हणजे पात्याची उतरती बाजू व मागची सपाट बाजू ही दोन गुळगुळीत प्रतले जेथे मिळतात ती रेषा होय. मागच्या सपाट बाजूवर गंजाने टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला, तर तो लगेच त्रास देत नाही. परंतु पाते घासता घासता धार मागे सरकत त्या खड्ड्यापर्यंत पोहोचली, की तेथे धारेत खांडा पडतो व रंधलेल्या फळीवर प्रत्येक फेरीत एक बारीक उंचवट्याची रेघ उमटते. अशा वेळी हत्याराच्या वजनाचा हजारावा भागही नाहीसा झालेला नसतो; काम मात्र बिघडलेले असते. करवतीच्या पात्यावरील गंज घर्षण वाढवितो, त्यामुळे पाते लाकडात अडकते व जोर लावताना वाकते. यंत्राच्या बिडाच्या मेजावरील गंजाने फळी सहज सरकत नाही आणि फिरत्या पात्याजवळ अडकत पुढे जाणारी फळी कारागिराच्या बोटांना धोकादायक ठरते. पांढऱ्या किंवा फिकट लाकडावर गंजाचे डाग पडतात, ते वेगळेच.

लोखंडाचे रक्षण करण्याचा सर्वांत सोपा व स्वस्त उपाय म्हणजे रंग. तो यंत्राच्या सांगाड्याला चालतो. परंतु धारेला, मेजाच्या घासून सपाट केलेल्या पृष्ठाला, आट्यांना किंवा सरकत्या भागांना चालत नाही. म्हणजे नेमके ज्या भागांमुळे हत्याराला किंमत आहे, ते भाग उघडेच ठेवावे लागतात. त्यामुळे सुतारी हत्यारांच्या रक्षणात एकदाच करून विसरता येईल असा उपाय नाही. पुन्हा पुन्हा द्यावयाचे पातळ लेप आणि हत्यार ठेवण्याच्या जागेतील हवेची स्थिती यांवरच ते अवलंबून असते. यांपैकी दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व अधिक असूनही तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

गंज चढण्याची क्रिया : गंज हे लोहाच्या जलसंयोगी ऑक्साइडांचे मिश्रण होय. ते तयार होण्यास ऑक्सिजन व पाणी ही दोन्ही लागतात; कोरड्या हवेत किंवा ऑक्सिजनविरहित पाण्यात लोखंड गंजत नाही असे म्हणता येईल. ही क्रिया विद्युत् रासायनिक आहे. केंब्रिज येथील यू. आर. एव्हान्झ यांनी १९२० नंतरच्या दशकात मिठाच्या पाण्याचा एक थेंब पोलादाच्या चकचकीत पृष्ठावर ठेवून ती स्पष्टपणे दाखवून दिली. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असल्याने तेथे हवेतील ऑक्सिजन भरपूर पोहोचतो व तो भाग ऋणाग्राचे काम करतो. मध्यभागी ऑक्सिजन कमी पडतो व तो भाग धनाग्र बनून तेथील लोखंड विरघळू लागते. विरघळलेले लोखंड कडेकडे येताना ऑक्सिजन मिळून त्याचा गंज बनतो आणि थेंबाच्या आत तांबूस कडे दिसू लागते. म्हणजे गंज दिसतो एका ठिकाणी आणि खड्डा पडतो दुसऱ्या ठिकाणी. हत्यारावरील तांबूस डाग पुसून काढल्यावर त्याच्या मधोमध काळसर बारीक खळगा आढळतो, त्याचे कारण हेच होय. एकमेकांवर घट्ट बसणारे भाग, उदा., रंध्याचे पाते व त्यावरील दाबपट्टी, यांच्या फटीत केशाकर्षणाने ओल टिकून राहते व तेथे ऑक्सिजनही विषम प्रमाणात पोहोचतो. म्हणून वरून स्वच्छ दिसणारा रंधा उघडला असता आत गंजलेला निघतो.

गंज चढण्यासाठी पाणी डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९२० नंतरच्या दोन दशकांत केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, हवेची सापेक्ष आर्द्रता एका विशिष्ट मर्यादेखाली असेपर्यंत लोखंड फारच मंद गतीने गंजते व ती मर्यादा ओलांडताच गंजण्याचा वेग एकदम वाढतो. ही मर्यादा सर्वसाधारणपणे ६० ते ७०% च्या दरम्यान असते. तीपलीकडे धातूवर पाण्याचा अदृश्य थर इतका जाड होतो की, त्यातून आयनांचे वहन होऊ शकते. हवेत सल्फर डाय-ऑक्साइड व पृष्ठावर धूळ असल्यास वाढ अधिकच तीव्र होते. मुंबई, रत्नागिरी, गोवे या किनारी भागांत पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता बहुधा ८०% च्या वर असते, तर विदर्भात उन्हाळ्याच्या दुपारी ती याच्या निम्म्याहूनही खूप खाली जाते. यामुळे नागपूरकडील कारागिराला मार्च ते मे या काळात जी काळजी घ्यावी लागत नाही, ती कोकणातील कारागिराला जूनपासून रोज घ्यावी लागते. एकाच पुस्तकातील सूचना दोघांनाही सारख्याच लागू करणे चुकीचे आहे.

दवबिंदूचा प्रश्न याहून वेगळा आहे. ३०° से. तापमानाच्या व ८५% सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सु. २७° से. असतो. म्हणजे एखादी वस्तू हवेपेक्षा अवघी तीन अंशांनी थंड असली, तरी तिच्यावर दव जमते. बिडाच्या यंत्राचे वस्तुमान मोठे असल्याने रात्री निवलेले मेज सकाळी हवेबरोबर लगेच तापत नाही. सकाळी दारे-खिडक्या उघडताच बाहेरची उबदार दमट हवा आत येते व या थंड मेजाला प्रत्यक्ष घाम फुटतो. पाऊस गळाला नाही, कोणी पाणी सांडले नाही, तरी मेज तांबूस का झाले, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर येथे आहे. वातानुकूलित खोलीतून काढून दमट हवेत आणलेल्या हत्यारांवरही असेच दव जमते. ती गुंडाळलेल्या स्थितीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावीत व नंतर उघडावीत.

क्षारांमुळे परिस्थिती आणखी बिघडते. शुद्ध मीठ सु. ७५% सापेक्ष आर्द्रतेला हवेतील बाष्प शोषून विरघळू लागते. परंतु समुद्राच्या क्षारातील मॅग्नेशियम क्लोराइड सु. ३३% लाच पाझरू लागते. किनाऱ्याजवळ हवेतून येऊन बसलेले हे क्षार पृष्ठावर असले, तर कोरड्या वाटणाऱ्या दिवसांतही धातू ओलाच राहतो. हाताच्या घामातही क्लोराइडे व लॅक्टिक अम्ल असते. काही व्यक्तींच्या बोटांचे ठसे पोलादावर इतरांच्या मानाने फार लवकर गंजतात, हे अचूक मापनाची साधने बनविणाऱ्या कारखान्यांत पूर्वीपासून माहीत आहे. असे ठसे कोरड्या फडक्याने पूर्ण निघत नाहीत. किंचित तेल लावलेल्या फडक्याने पुसल्यास क्षार बऱ्याच अंशी उचलले जातात व जे उरतात त्यांवर तेलाचा पडदा राहतो. काम संपल्यावर हत्यार ठेवण्यापूर्वी एकदा अशा फडक्याने पुसण्याची सवय ही बाजारातील कोणत्याही महाग द्रवापेक्षा अधिक उपयोगी आहे. धार लावल्यानंतरची ओल हे गंजाचे आणखी एक वारंवार आढळणारे कारण होय. निसण्याचे पाणी पात्याच्या मागच्या बाजूला व भोकात राहून जाते. त्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळविल्यास ते अल्कधर्मी होऊन गंजण्याची क्रिया मंदावते, मात्र पाते पुसून कोरडे करण्याची आवश्यकता त्यामुळे टळत नाही.

लाकडाचा संबंध : ज्या लाकडावर काम करावयाचे, तेच पुष्कळदा हत्याराला गंजविते. ओल्या लाकडाचा रस सौम्य अम्लधर्मी असतो आणि अनेक जातींत टॅनिने असतात. टॅनिने व लोखंड यांच्या संयोगाने निळसर काळे संयुग तयार होते. हिरडा व हिराकस यांपासून जुन्या काळी शाई करीत, ती याच विक्रियेने. ओली बाभूळ कापणाऱ्या करवतीवर व खुद्द लाकडावरही काही तासांत काळे डाग दिसतात. भुसा हा आर्द्रताशोषक असतो. ओल्या लाकडाचा भुसा रात्रभर यंत्राच्या मेजावर पडून राहिला, तर ढिगाच्या आकाराचाच डाग सकाळी दिसतो. म्हणून झाडलोट हा गंजरक्षणाचाच भाग मानावयास हवा. काही लाकडे कोरडी झाल्यावरही ॲसिटिक अम्लाची वाफ सोडीत राहतात. यूरोपात ओक व चेस्टनट या लाकडांच्या बंद पेट्यांत ठेवलेले धातूचे जिन्नस गंजतात, हा अनुभव जुना आहे. शोभेसाठी अशा लाकडाची हत्यारपेटी करण्याचा मोह टाळावा.

परिरक्षित लाकडाच्या बाबतीतही सावधगिरी लागते. डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेत सोन्ती कामेशम् यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांवर आधारलेले ‘आस्कू’ हे परिरक्षक शोधून काढले व त्याच्या विविध प्रकारांचा पुढे जगभर प्रसार झाला. अशा लाकडातील ताम्रलवणे ओलसर स्थितीत पोलादाच्या संपर्कात आल्यास लोखंडाच्या पृष्ठावर तांब्याचे सूक्ष्म कण बसतात. तांबे व लोखंड यांचा विद्युत् घट बनून लोखंड वेगाने झिजते. त्यामुळे असे लाकूड कापल्यावर पाती पुसणे अगत्याचे असते. त्याचा भुसा विषारी असल्याने तो श्वासाबरोबर आत जाऊ न देणे याहूनही अगत्याचे आहे.

संरक्षक लेप : तेल हा सर्वांत जुना लेप होय. तेलाने गंज ‘मरत’ नाही. ते पाणी व ऑक्सिजन यांची पृष्ठाकडे होणारी वाटचाल फक्त मंद करते. पातळ थर कालांतराने ओघळतो, पुसला जातो किंवा भुसा शोषून घेतो. म्हणून तो पुन्हा द्यावा लागतो. घरात सहज मिळते म्हणून खोबरेल लावण्याची पद्धत आहे. थोड्या दिवसांसाठी ते चालते, परंतु सु. २४° से. खाली ते थिजते व जुने झाल्यावर खवट होऊन त्यात मुक्त वसाम्ले तयार होतात. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून सुकते व त्याचे चिवट पटल बनते. हत्याराच्या लाकडी मुठीला ते उत्तम, पण रंध्याच्या पात्याला व सरकत्या भागांना अयोग्य होय. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून ठेवल्यास ऑक्सिडीभवनाच्या उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतात. भुशाने भरलेल्या कारखान्यात हा धोका क्षुल्लक समजू नये. शिलाईयंत्राचे हलके खनिज तेल या सर्वांपेक्षा सोयीचे आहे, कारण ते सुकत नाही व खवटही होत नाही. जपानी सुतार कॅमेलिया वनस्पतीच्या बियांचे तेल वापरतात. ते न सुकणारे असून त्याचा लाकडावर डाग पडत नाही. त्यात भिजविलेली कापडाची गुंडाळी बांबूच्या नळकांड्यात बसवून तिच्यावर पाते फिरविण्याची त्यांची युक्ती अनुकरणीय आहे. असे नळकांडे कोणालाही फुकटात करता येईल.

तेलापेक्षा मेणाचा थर जास्त टिकतो. पॅराफीन मेण किंवा टर्पेंटाइनात मऊ केलेले मधमाश्यांचे मेण करवतीच्या पात्यावर, रंध्याच्या तळाला व यंत्राच्या मेजावर पातळ चोळून, विद्रावक उडून गेल्यावर कोरड्या फडक्याने घासले असता गंजाला अटकाव होतो आणि घर्षणही कमी होते. मोटारींसाठी विकले जाणारे मेण मात्र येथे वापरू नये. त्यात पुष्कळदा बारीक अपघर्षक व सिलिकोन असते. सिलिकोनाचा अंश मेजावरून फळीवर गेला, तर पुढे त्या फळीवर लावलेले रोगण सलग पसरत नाही व त्यात गोल खळगे पडतात. काम पूर्ण होईपर्यंत हा दोष लक्षात येत नाही. लोकरीपासून मिळणारे लॅनोलीन पृष्ठाला घट्ट चिकटते व दीर्घकाळ टिकते. ते चिकट असल्याने रोजच्या हत्यारांना नको, परंतु पावसाळाभर न वापरल्या जाणाऱ्या हत्यारांना योग्य होय. परदेशातून जहाजाने येणारी यंत्रे ‘कॉस्मोलाइन’सारख्या खनिज तेलजन्य मेणट लेपाने माखलेली असत, त्यामागील तत्त्वही हेच, तो लेप रॉकेलाने निघतो. पाणी हुसकावणारे फवारे हा आणखी एक प्रकार. १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे क्षेपणास्त्राच्या कवचाला गंज लागू नये म्हणून तयार केलेले ‘डब्ल्यूडी-४०’ हे त्यांपैकी सर्वपरिचित आहे. भिजलेल्या हत्यारावरील पाणी दूर सारण्यास ते उत्कृष्ट. मात्र त्यातील बराचसा भाग उडून जातो व मागे राहणारा थर फार पातळ असतो. ते मारले म्हणजे हत्यार वर्षभर सुरक्षित झाले, अशी समजूत करून घेतल्याने अनेक चांगल्या पटाश्या वाया गेल्या आहेत.

साठवण : रोज वापरातले हत्यार सहसा गंजत नाही, कारण ते रोज पुसले व घासले जाते. गंजतात ती ठेवलेली हत्यारे. ती भिंतीवर उघडी टांगण्यापेक्षा घट्ट झाकणाच्या पेटीत वा कपाटात ठेवणे चांगले. बंद जागेत हवेची अदलाबदल कमी होते व तापमानातील चढउतार सौम्य होतात. पेटी बाहेरच्या भिंतीला किंवा फरशीला टेकवून ठेवू नये. चामड्याची म्याने दिसण्यास सुरेख असली, तरी कमावलेल्या चामड्यात अम्लांचे व लवणांचे अवशेष असतात आणि ते ओल धरून ठेवते. त्यात पाते कायमचे ठेवू नये. लोकर किंवा नमदा यांचेही, तेलाने भिजविलेले नसल्यास, तसेच आहे.

बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास आतील बाष्प शोषले जाते. मात्र त्यांची शोषणक्षमता मर्यादित असून त्या वेळोवेळी तापवून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात. झाकण सैल असेल, तर पुड्या बाहेरच्या हवेला कोरडे करण्याचे अशक्य काम करीत बसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बाष्परूप गंजरोधके प्रचारात आली. डायसायक्लोहेक्झिल अमोनियम नायट्राइटासारखी संयुगे सामान्य तापमानाला हळूहळू बाष्परूप होतात व धातूवर जमून संरक्षक थर देतात. या संयुगांनी माखलेला कागद पात्याभोवती गुंडाळता येतो. तो हाताळल्यावर हात धुवावेत. पेटीत कापराच्या वड्या ठेवण्याची प्रथा अनेक देशांत आहे. तिने अपाय होत नाही, परंतु केवळ तीवर विसंबून राहणे बरे नव्हे.

कपाटातील हवा किंचित गरम ठेवणे हा फार परिणामकारक उपाय आहे. २७° से. व ८५% सापेक्ष आर्द्रतेची हवा केवळ चार अंशांनी तापविली, तर तीत बाष्प तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता सु. ६७% वर येते. म्हणजे धोक्याच्या प्रदेशातून ती जवळजवळ बाहेर पडते. पूर्वी यासाठी कपाटात २५ वा ४० वॉटचा तंतूचा विजेचा दिवा सतत लावून ठेवीत. हल्लीचे एलईडी दिवे फारशी उष्णता देत नाहीत. त्यामुळे जुना दिवा बदलून नवा बसविल्यावर हत्यारे गंजू लागल्याचे कोडे पडते. त्यांऐवजी कमी शक्तीचा बंदिस्त विद्युत् तापक वापरावा व तो भुसा, तेल आणि फडकी यांपासून दूर असावा. खोली तापविण्यासाठी धुराडे नसलेला रॉकेलचा वा गॅसचा स्टोव्ह लावणे मात्र उलट अपायकारक ठरते. एक किग्रॅ. रॉकेल जळाले असता सु. सव्वा किग्रॅ. पाणी वाफेच्या रूपाने खोलीतच मिसळते व ते सर्वांत थंड पृष्ठावर, म्हणजे बहुधा बिडाच्या यंत्रावर, उतरते.

महाराष्ट्रात आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, हत्यारांची पूजा करतात. पावसाळा संपत आलेला असताना प्रत्येक हत्यार बाहेर काढणे, घासणे व मांडणे हे वर्षातून एकदा तरी सक्तीने घडते, हा या प्रथेचा व्यावहारिक लाभ होय. त्या वेळी शिंपडलेले पाणी, ओले गंध व फुले रात्रभर पात्यांवर तशीच राहू न देता पूजेनंतर पुसून तेलाचा हात फिरविणे इष्ट. ओल्या हळदकुंकवाखाली पडलेला डाग पुढच्या नवमीपर्यंत खोल जातो.

यंत्रे : यंत्राच्या रंगविलेल्या भागांकडे लक्ष देण्याचे फारसे कारण नसते; टवका उडालेल्या जागी रंग लावला की पुरे. मेज, मार्गदर्शक पट्टी, उंची कमीजास्त करण्याचे मळसूत्र, पट्टा करवतीची चाके, रंधायंत्राचा पाती बसविलेला दंडगोल व लेथच्या सरकत्या बैठका ही गंजाची ठिकाणे होत. मळसूत्रांना घट्ट ग्रीस लावल्यास त्यात भुसा रुतून दळदार लगदा होतो, म्हणून तेथे कोरडे मेण वा ग्रॅफाइट बरे. रात्री यंत्र झाकण्यासाठी प्लॅस्टिकचा कागद सर्रास वापरला जातो. गळक्या छपराखाली त्याला पर्याय नाही, परंतु खालच्या बाजूने मोकळा असलेला असा कागद दमट हवा आत कोंडून ठेवतो व पहाटे त्याच्या आतील बाजूवर जमलेले पाणी मेजावर ठिबकते. जाड सुती कापड किंवा मेजावर अंतर न ठेवता सपाट बसणारा प्लायवुडचा तक्ता याहून चांगला. चहाचा पेला, भिजलेले फडके व गोंदाचे भांडे यंत्राच्या मेजावर ठेवू नये, ही सूचना क्षुल्लक वाटेल. मेजांवरील बहुतेक गोल डागांचा उगम मात्र तेथेच असतो.

गंज काढणे : प्रथम काय काढावयाचे आहे ते ठरवावे. जुन्या हत्यारावरील करडी-काळसर, घट्ट बसलेली छटा ही मुख्यतः मॅग्नेटाइटाची असून ती पुढील गंजाला थोडाफार विरोधच करते. हत्यार नव्यासारखे चकचकीत दिसावे म्हणून ती खरवडून टाकणे म्हणजे रक्षण काढून घेणे होय. सैल, तांबूस व भुकटी सुटणारा गंज मात्र ठेवू नये, कारण तो ओल धरतो. नवा हलका गंज रॉकेलात भिजविलेल्या बारीक पोलादी लोकरीने निघतो. ही लोकर वापरताना तुटणारे तंतू लाकडात शिरले, तर तेही गंजून डाग पाडतात. म्हणून हे काम फळ्यांपासून दूर करावे. सपाट पृष्ठे घासताना एमरी कागद लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळावा. नुसत्या बोटांनी घासल्यास कडा गोलावतात, आणि गोल कडेला धार येत नाही. विजेवर फिरणाऱ्या सहाणेने गंज उडविणे झटपट होते खरे, पण पाते सु. ३००° से. पर्यंत तापून निळे पडले, की त्या भागाचे पाणी उतरते व तो धार धरीत नाही.

खोल गंजासाठी रासायनिक पद्धती आहेत. व्हिनेगर किंवा सायट्रिक अम्लाचा सु. ५% विद्राव काही तासांत गंज सोडवितो. वेळोवेळी बाहेर काढून पाहावे, कारण गंज संपल्यावर अम्ल धातू खाऊ लागते. कठीण केलेले पोलाद अम्लात फार वेळ राहिल्यास त्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते. ताणावर चालणाऱ्या पट्टा करवतीच्या पात्यासाठी ही पद्धत वापरू नये. अम्लातून काढलेला भाग सोड्याच्या पाण्यात बुडवून, धुऊन, गरम हवेने सुकवून लगेच तेल लावावा. या कामात पाच मिनिटांची दिरंगाई झाली, तरी स्वच्छ पृष्ठावर नारिंगी झाक चढते. फॉस्फोरिक अम्ल व टॅनिक अम्ल यांवर आधारलेली मिश्रणे गंजाचे अनुक्रमे फॉस्फेटात व काळ्या टॅनेटात रूपांतर करतात. ती सांगाड्याला रंग देण्यापूर्वी उपयोगी, धारेच्या पृष्ठांना नव्हेत.

विद्युत् विच्छेदनाची पद्धत सर्वांत सौम्य होय. प्लॅस्टिकच्या टोपलीत सु. ५ लि. पाण्यात एक-दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून हत्यार १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहाच्या ऋण टोकाला व साध्या लोखंडाचा टाकाऊ पत्रा धन टोकाला जोडून दोन्ही एकमेकांना न टेकतील अशी बुडवितात. काही तासांत गंज सैल होऊन ब्रशाने निघतो, निरोगी धातू मात्र झिजत नाही. टोकांची अदलाबदल झाल्यास हत्यारच विरघळू लागते. धन टोकाला अगंज पोलाद लावू नये. त्यातून षट्संयुजी क्रोमियमाची अतिशय विषारी संयुगे पाण्यात उतरतात. क्रियेत हायड्रोजन वायू निघत असल्याने काम उघड्यावर व विस्तवापासून दूर करावे. लाकडी मुठी, पितळी व ॲल्युमिनियमाचे भाग आधी काढून ठेवावेत.

धातूची निवड : अगंज पोलादाचा औद्योगिक उपयोग १९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांच्या कार्यापासून वाढीस लागला. मग सर्वच पटाश्या त्याच्या का करीत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. धार टिकण्यासाठी लागणारा कार्बन पोलादात वाढविला, की तो क्रोमियमाशी संयोग पावून कठीण कार्बाइडे बनवितो. त्यामुळे गंजरोधासाठी मोकळे उरणारे क्रोमियम घटते व निसण्यावर अशी पाती दाद देत नाहीत. बारीक धार सहज येणारे साधे कार्बनी पोलाद म्हणूनच सुतारांना अद्याप प्रिय आहे व गंजण्याचा दोष त्याबरोबर पत्करावा लागतो. दिल्लीच्या लोहस्तंभाचे उदाहरण या संदर्भात अनेकदा पुढे केले जाते. त्याच्या लोखंडातील फॉस्फरसाच्या जास्त प्रमाणामुळे पृष्ठावर संरक्षक पटल तयार झाल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. पण तोच फॉस्फरस पोलादाला थंड स्थितीत ठिसूळ करीत असल्याने घाव सोसणाऱ्या पटाशीत तो नको असतो. हत्यारांच्या धारेव्यतिरिक्त भागांवर जस्ताचा वा क्रोमियमाचा मुलामा किंवा अल्कली विद्रावात उकळून दिलेला काळा ऑक्साइडाचा थर देता येतो. हा काळा थर सच्छिद्र असल्याने तेलाशिवाय त्याचा फारसा उपयोग होत नाही.

गंज काढल्यावर उरलेले खड्डे कोणत्याही द्रवाने भरून येत नाहीत. ते पात्याच्या मागच्या बाजूला धारेपासून दूर असल्यास तसेच सोडून द्यावेत, मात्र त्यांतील ओल काढून वर मेण घासावे. धार लावता लावता पाते तेथवर येण्यास वर्षे लागतात. धारेलगत असल्यास मागची बाजू सपाट निसण्यावर खड्ड्यांच्या तळापर्यंत उतरवावी लागते, किंवा धारच मागे घेऊन तेवढी लांबी कमी करावी लागते. पटाशीचे पाते तेवढ्याने आखूड होते, तरी ते कामाला येते. रंध्याच्या पात्याच्या बाबतीत दाबपट्टीच्या भोकापर्यंत लांबी उरली आहे की नाही, हे आधी मोजून पाहावे.